तळ्यातून वर आलेली बोट

आज वॉशिंग्टनला स्मिथसोनियनच्या अमेरिकन हिस्टरी म्युझियममध्ये गेलो होतो, पोरांना विमानं बघायची होती पण मी आधी त्यांना इथेच आणलं, आणि तिसऱ्या मजल्यावर ती 'फिलाडेल्फिया' बोट समोर आली तेव्हा माझे पायच हलेनात. अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धातली खरीखुरी लढाऊ बोट, नक्कल नाही, 54 फूट लांब, 1776 च्या उन्हाळ्यात घाईघाईने बांधलेली. 11 ऑक्टोबर 1776 ला कॅनडाच्या सीमेजवळच्या शॅम्प्लेन तळ्यात व्हॅल्कर बेटापाशी इंग्रजांशी लढली आणि त्याच संध्याकाळी बुडाली. मग 1935 पर्यंत तळाशीच. थंडगार गोड्या पाण्यामुळे लाकूड टिकलं, सापडली तेव्हा डोलकाठी चक्क उभीच होती!

ज्या गोळ्याने बुडवली तो 24 पौंडी गोळा पण तिथेच आहे. म्हणजे साधारण 11 किलो, आपल्याकडच्या तांदळाच्या दहा किलोच्या पिशवीपेक्षा जड, आणि तो असा उडत येऊन फळ्या फोडून आत घुसला. पण मला सगळ्यात जास्त भिडली ती विटांची छोटी चूल. चव्वेचाळीस माणसं, वर छप्पर नाही, ऑक्टोबरची थंडी, आणि तोफांच्या मध्येच त्यांचा स्वयंपाक. मुलगी म्हणाली, बाबा, इथे झोपायचे कुठे ते? मी नुसता फळ्यांकडे बघत राहिलो.

ही बोट ज्या अमेरिकन ताफ्यातली, तो ताफा संपला, पण त्याने वाट अडवल्यामुळे इंग्रजांचं कॅनडातून दक्षिणेला येणं वर्षभर लांबलं आणि 1777 मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या साराटोगाला त्यांना शरण यावं लागलं. विमानं राहिलीच, उद्या.