फवारणी पंपाच्या बॅटऱ्या उन्हाळ्यात सांभाळणं – माझा अनुभव

आमचे काकाजी काटोलकडे असतात, मृग बहाराची संत्र्याची बाग आणि थोडा कापूस, आणि पाठीवरचे बॅटरी पंप, तेच ते १२ व्होल्ट ८ एएच (अँपियर-तास, म्हणजे बॅटरीत किती वीज मावते त्याचं माप) वाले. मी नागपुरात मानेवाड्याला. दरवर्षी एकच गोष्ट व्हायची, कापसाची शेवटची फवारणी झाली की पंप कोठ्यात टांगले जायचे आणि पाऊस पडून कामं सुरू झाली की पंप खाली काढावा तर बॅटरी एक टाकीसुद्धा धड मारायची नाही. माणसं कामाला आलेली, औषध कालवलेलं आणि पंप बंद. मग काटोलला पळा, नवीन बॅटरी आणा. काकाजींचं म्हणणं होतं, "बॅटऱ्याच बोगस येऊन राहिल्या रे आजकाल." काही बोगस येतातच, पण दिवाळीपर्यंत चांगली चाललेली बॅटरी जूनमध्ये कशी काय बोगस होते? हे माझ्या डोक्यातून जात नव्हतं. शेवटी एका वर्षी फेब्रुवारीतच त्यांना म्हटलं, काकाजी, या उन्हाळ्याभर सगळ्या बॅटऱ्या मी नेतो, जूनमध्ये परत आणून देतो.

आधी सीताबर्डीवरून एक साधा डिजिटल मल्टीमीटर, म्हणजे व्होल्टेज मोजायचा मीटर, आणला. ज्याच्याकडे असे पंप आहेत त्यानं हा घ्यावाच, महाग नसतो. चार्ज होत होत्या त्या सगळ्या बॅटऱ्या चार्ज केल्या, रात्रभर तशाच सोडल्या आणि सकाळी मोजल्या, कारण चार्जरवरून काढल्या काढल्या मोजलं तर कोणतीही बॅटरी १३ व्होल्टच्या वर दाखवते, त्याला अर्थ नसतो. आराम दिल्यावर १२.७-१२.८ आलं तर फुल, १२.४ च्या आसपास म्हणजे पाऊण भरलेली, आणि १२ वर आली म्हणजे जवळपास संपलीच समजा. पण नुसत्या व्होल्टेजवर जाऊ नका. जुनी बॅटरी काही न जोडता नुसती ठेवली की १२.६ सुद्धा दाखवते आणि लोड दिला, म्हणजे काही चालवायला जोडलं, की धाडकन खाली येते. म्हणून मी गाडीच्या इंडिकेटरचा १२ व्होल्ट २१ वॅटचा बल्ब लावला, तो पावणेदोन अँपियरच्या आसपास ओढतो, आणि घड्याळ पाहत बसलो की १०.५ व्होल्टपर्यंत यायला किती वेळ लागतो. चांगली ८ एएच बॅटरी साडेतीन तास तरी काढायला पाहिजे. १०.५ च्या खाली मात्र नेऊ नका, तिथंच बल्ब काढायचा आणि लगेच चार्जिंगला लावायची.

आता मरते काहून, तर ही बॅटरी आतून शिशाची. वापरताना दोन्ही पट्ट्यांवर लेड सल्फेट जमते, बारीक असते, चार्ज केलं की परत विरघळते. पण अर्धवट उतरलेली बॅटरी महिनोन् महिने तशीच पडली तर तेच सल्फेट कडक, मोठ्या खड्यांसारखं होऊन बसते आणि मग साध्या चार्जरनं निघत नाही. म्हणजे काकाजींची बॅटरी वावरात मरतच नव्हती, ती मरत होती कोठ्यात, टांगलेली असताना. त्यात आपल्याकडचा उन्हाळा! २५ डिग्रीला अशी सीलबंद बॅटरी महिन्याला साधारण ३ टक्के आपोआप उतरते आणि दर १० डिग्रीला हा वेग दुपटीच्या आसपास जातो. टिनाच्या कोठ्यात मे महिन्यात ४५ च्या वर किती होत असेल तुम्हीच पाहा. वरून कित्येक पंपांना तो छोटा व्होल्टमीटर असतो, तो आणि त्याची वायरिंग थोडं थोडं पीत राहतात, म्हणून ठेवताना नुसता स्विच बंद करून भागत नाही, बॅटरीची वायरच काढून ठेवायची.

माझ्याकडे मी त्या उत्तरेच्या खोलीत दिवाणाखाली ठेवल्या, घरातली सगळ्यात थंड जागा तीच. कूलरच्या खोलीत ठेवल्या नाहीत कारण तिथल्या ओलीनं टर्मिनलवर पांढरं-हिरवं चढते. काकाजींनी फोनवर बजावलं, "सिमेंटच्या फरशीवर नको ठेवू, उतरतात, लाकडाची फळी टाक." हे बरेच जण सांगतात. पूर्वीच्या जुन्या डब्यांच्या बॅटऱ्यांसाठी त्यात तथ्य होतं, आताच्या प्लास्टिकच्या डब्याला फरशीनं काही होत नाही, उलट फरशी थंड असते ते चांगलंच. पण त्यांचा शब्द म्हणून फळी टाकली.

मग दर महिन्याला पहाटे चार्जिंग. पहाटे यासाठी की दुपारच्या गर्मीत बॅटरीला जास्त व्होल्टेज सोसत नाही. बॅटरीवरच लिहिलेलं असते पाहा, सायकल यूज (वापरून परत भरायची असेल तर) १४.४ ते १५ व्होल्ट आणि स्टँडबाय (सतत चार्जरवर राहणार असेल तर) १३.५ ते १३.८, पण हे आकडे २५ डिग्रीचे आहेत, ४० डिग्रीला साधारण ०.४ व्होल्ट कमी पाहिजे. पंपासोबत येणारे स्वस्त चार्जर हे काही पाहत नाहीत, आणि हिरवा लाईट लागला म्हणजे आतलं काम पूर्ण झालं असंही नाही, करंट कमी झाला एवढंच. म्हणून चार्जिंग चालू असताना मीटर लावून पाहायचं, हिरवा लाईट लागूनही व्होल्टेज १५ च्या वर चढत असेल तर तो चार्जर बॅटरी उकळवणार, बदला. रात्रभर लावून झोपणं तर मी पूर्ण बंद केलं. जागा हवेशीर पाहिजे, मी गॅलरीत करतो, कारण जास्त चार्ज झाली की हायड्रोजन निघू शकतो. हात लावला आणि गरम लागली तर काढा. पोट फुगलेली असेल तर लावूच नका, ती गेली.

आणल्या तेव्हाच ज्या एकदम उतरलेल्या होत्या, ८-९ व्होल्टवर, त्यातल्या काहींना पंपाचा चार्जर ओळखतच नव्हता. ओळखीच्या एका मेकॅनिकभाऊंकडे व्होल्टेज-करंट सेट करता येणारा पॉवर सप्लाय होता, त्यावर अर्ध्या अँपियरनं हळूहळू भरल्या. काही उठल्या, पण बल्ब लावला तर अर्ध्या वेळातच बसल्या. मी ठरवून टाकलं, अर्ध्याच्या खाली गेली की ती पंपात नाही. वरचं झाकण उचकटून डिस्टिल्ड वॉटर टाकायचे व्हिडिओ खूप फिरतात, मी ते केलं नाही आणि कोणाला सांगणारही नाही, आत सल्फ्युरिक ॲसिड आहे, डोळ्यात उडालं तर बॅटरीच्या पैशाचं काय करायचं. मेलेल्या बॅटऱ्या नवीन घेताना दुकानातच जमा केल्या, शिशाचे पैसे वजा होतात. घंटागाडीत टाकू नका, शिसं आहे ते.

जूनमध्ये बाकीच्या सगळ्या घेऊन काटोलला गेलो. त्याआधी टर्मिनल खाण्याच्या सोड्याच्या पाण्यानं पुसले, वाळवले, थोडं व्हॅसलिन लावलं, कारण वावरात औषधाचं पाणी टाकीवरून गळून थेट तिथंच जाते. काकाजींनी पंप भरला, बागेत फिरून आले, दुपार झाली तरी प्रेशर तेच. म्हणाले, "लेका, हे तर नवीनसारखंच चालून राहिलं." मला फार बरं वाटलं, खरंच. आता हंगामातही ते दोन गोष्टी पाळतात, मोटरचा आवाज मंदावला की तिथंच थांबायचं, उरलेलं औषध संपवायचं म्हणून ओढायचं नाही, आणि त्याच संध्याकाळी चार्जिंग, उद्यावर टाकायचं नाही.

नवीन घ्यायची वेळ आली तर दुकानातच मीटर लावा, १२.६ च्या खाली असेल तर ती कधीची पडून आहे, दुसरी मागा. डब्यावर छापलेली तारीख पाहा. वजनही पाहा, चांगली ७-८ एएच बॅटरी २ किलोच्या आसपास किंवा वर भरते, हातात हलकी लागली तर आत शिसं कमी आहे.

यावर्षी काकाजींनी एक लिथियमवाला पंप घेतला आहे. त्याचं गणित पूर्ण उलटं आहे, शिशाची बॅटरी फुल भरून ठेवायची आणि लिथियमची अर्धी भरून, फुल भरून गर्मीत ठेवली तर तीच लवकर म्हातारी होते. दोघांचे चार्जरही अदलाबदल करायचे नाहीत, पिन सारखी असली तरी व्होल्टेज वेगळं असते आणि लिथियमवाली पेट घेऊ शकते. कोठ्यात चार जणांचे हात लागतात, म्हणून त्या पंपाला आणि त्याच्या चार्जरला मी लाल टेप गुंडाळून दिला आहे, आणि तो चार्जर काकूंच्या कपाटात वेगळा ठेवायला सांगितला आहे.