मिसिसिपीकाठची मातीची टेकाडं

अमेरिकेतल्या सेंट लुईसचं जुनं टोपणनाव 'माउंड सिटी', म्हणजे टेकाडांचं शहर. युरोपीय लोक यायच्या कितीतरी आधी इथल्या मूळ रहिवाशांनी मातीची मोठमोठी टेकाडं रचली होती. आज शहराच्या हद्दीत त्यातलं एकच उरलंय. फॉरेस्ट पार्कमधली टेकाडं १९०४च्या जागतिक प्रदर्शनासाठी सपाट केली. सगळ्यात मोठं, 'बिग माउंड', १८६९ मध्ये संपलं आणि त्याची माती रेल्वेच्या भरावाला गेली. थॉमस ईस्टर्ली या छायाचित्रकाराने ते खणलं जात असतानाचे फोटो काढून ठेवलेत. उभा कापलेला मातीचा कडा बघून पोटात कालवतं. त्या जागेजवळ आता माउंड स्ट्रीट आहे. आपल्याकडे विहीर बुजवून चौकाला विहिरीचं नाव ठेवतात, त्यातलाच प्रकार.

खरं बघण्यासारखं ते नदीपलीकडे, इलिनॉय राज्यात. काहोकिया, अशीच टेकाडं रचणाऱ्या मूळ रहिवाशांचं प्राचीन शहर. माझा मावसभाऊ सेंट लुईसला राहतो. "दादा, मातीचा ढिगारा बघायला चाललोय आपण, माहितीये ना?" असं गाडीत बसतानाच त्याने बजावलं. स्वतः तोही कधी गेला नव्हता.

मंक्स माउंड हा तिथला सगळ्यात मोठा ढिगारा. पहिल्यांदा दिसतो तेव्हा तो माणसांनी रचलाय हे पटतच नाही. उंची सुमारे ३० मीटर, पायथा साडेपाच हेक्टरांच्या आसपास, आणि सगळी माती टोपल्यांनी वाहून आणलेली. चाकाची गाडी नाही, ओझ्याचं जनावर नाही. नाव मात्र १८०९ ते १८१३ या काळात शेजारच्या टेकाडावर राहिलेल्या ट्रॅपिस्ट या ख्रिस्ती पंथाच्या साधूंचं, 'मंक्स' म्हणजे साधू! चार वर्षं इथे भाजीपाला पिकवला आणि नाव कायमचं लावून गेले.

आता चढायला काँक्रीटच्या पायऱ्या आहेत. मधल्या सपाट टप्प्यावर दम खायला थांबलो, तर खालच्या रस्त्यावरून ट्रकची रांग चाललेली. माथ्यावर वारा भन्नाट. पश्चिमेला सेंट लुईसची कमान स्पष्ट दिसते. समोर विस्तीर्ण मैदान. तेही मुद्दाम भर घालून सपाट केलेलं. इ.स. १०५० ते १२०० या भरभराटीच्या काळात इथे दहा ते वीस हजार माणसं राहत असावीत, असा अंदाज आहे. मक्याची शेती, चौकाभोवती घरं, मधल्या वस्तीला हजारो ओंडक्यांचं कुंपण. टेकाडं एकूण १२०च्या आसपास होती.

आपल्याकडची पांढरीची टेकाडं माणसं पिढ्यानपिढ्या एकाच जागी राहिल्याने आपोआप चढत गेली. इथे मात्र ठरवून, थरावर थर देऊन उंची गाठलीय. इथली चिकणमाती ओली झाली की फुगते आणि वाळली की भेगाळते. तरी ती शेकडो वर्षं टिकली. अर्थात १९८०च्या दशकात उतार खचले होतेच. माती जिथून उचलली ते खड्डेही अजून दिसतात. एकात पाणी साचून तळं झालंय. मावसभाऊ तिथेच जास्त रमला.

सगळ्यात अस्वस्थ करतं ते 'माउंड ७२'. दिसायला अगदी बुटकं, कुणी वळूनही बघणार नाही. पण १९६७ नंतरच्या उत्खननात तिथे अडीचशेहून जास्त माणसांचे सांगाडे निघाले. एका मुख्य दफनाखाली पक्ष्याच्या आकारात मांडलेले शंखांचे सुमारे २०,००० मणी होते, तर दुसऱ्या एका खड्ड्यात ५३ तरुण स्त्रिया ओळीने पुरलेल्या. फलक वाचल्यावर मंक्स माउंडचं कौतुक थोडं ओसरतं. एवढं शहर उभं करणारी सत्ता काय काय करवून घेत असेल!

परतताना शहरातलं शेवटचं टेकाड, 'शुगरलोफ', गाठलं. ते नदीकाठी, घरांच्या वस्तीत आहे आणि शेजारून महामार्ग धडधडतो. त्याच्या माथ्यावर चक्क घर बांधलेलं होतं. २००९ मध्ये ओसेज राष्ट्राने, म्हणजे ओसेज या मूळ अमेरिकन जमातीने, ती जागा विकत घेतली आणि पुढे ते घर पाडलं. त्यांना स्वतःच्याच पूर्वजांचं टेकाड पैसे मोजून सोडवावं लागलं!

जाणार असाल तर पाणी आणि टोपी घ्या, काहोकियाच्या मैदानात सावली कमी आहे. शुगरलोफ रस्त्यावरूनच बघा, वर चढू नका.