बर्फाची पूररेषा

नायगारा नदीवरच्या रेनबो ब्रिजच्या पाहणीचे काम माझ्याकडे पहिल्यांदा आले ते ऐन जानेवारीत. ही नदी म्हणजेच अमेरिका आणि कॅनडा यांची सीमा, त्यामुळे हातोडी आणि टॉर्चबरोबर पासपोर्टही खिशात ठेवावा लागला.

1941 साली खुल्या झालेल्या या पोलादी कमानीचा गाळा, म्हणजे दोन पायांमधले अंतर, 950 फुटांचा आहे. नकाशे चाळताना मला एकच गोष्ट खटकत होती. कमानीचे पाय पाण्यापासून सुमारे 50 फूट वर टेकवले आहेत. ते काठाशी खाली घेतले असते, तर दरी उतरती असल्यामुळे गाळा बराच आखूड झाला असता आणि तेवढे पोलाद वाचले असते. इथल्या जुन्या कमानीचा गाळा 840 फुटांचाच होता. आदल्या रात्री फोनवर मी हे बोललो, तेव्हा बांधकाम खात्यातून निवृत्त झालेल्या बाबांनी विचारले, "अरे, तिथली पूररेषा बघितलीस का?" मला हसू आले. मोठमोठ्या सरोवरांचे पाणी घेऊन बारमाही एकसारखी वाहणाऱ्या या नदीला पंचगंगेसारखा पूर कुठला येणार?

सकाळी कमानीच्या पायथ्याशी उतरलो आणि रिव्हेटवर हातोडी मारण्याआधीच खालून करकर ऐकू आली. ईरी सरोवरातून वाहत येऊन धबधब्यावरून कोसळलेले बर्फाचे तुकडे दरीत एकमेकांवर चढत होते. खोलीएवढा एक तुकडा माझ्यादेखत उभा राहिला आणि काठाच्या खडकाला घासत सावकाश वर सरकला. सोबतच्या ज्येष्ठ अभियंत्यांनी मग जुन्या पुलाची हकिकत सांगितली. 1938 च्या जानेवारीत वादळाने सरोवरातला बर्फ असा लोटला की दरीत साचलेल्या ढिगाऱ्याने त्या कमानीचे पाय वेढले, त्यांना रेटा दिला आणि 27 तारखेला अख्खा पूल खाली आला. वाहतूक आधीच थांबवलेली असल्याने जीवितहानी झाली नाही; सांगाडा मात्र एप्रिलपर्यंत बर्फावरच पडून होता. 1964 पासून सरोवराच्या मुखाशी हिवाळ्यात तरंगते अडसर लावतात, त्यामुळे आता खाली येणारा बर्फ पुष्कळ कमी झाला आहे, आणि तरीही समोर हे दृश्य होते.

रात्री बाबांना सांगितले, "इथे पूर बर्फाचा येतो."

"मग त्याची रेषा किती फुटांवर?" त्यांनी लगेच विचारले.