बर्नी आर्म्स : जिथे रस्ता जात नाही

इंग्लंडच्या नॉरफोकमध्ये नॉरिचहून ग्रेट यार्मथला जाणाऱ्या बहुतेक गाड्या अ‍ॅकलमार्गे जातात. रीडहॅममार्गे जाणाऱ्या मोजक्या गाड्यांपैकीही थोड्याच बर्नी आर्म्स या छोट्या स्टेशनावर थांबतात, त्याही सांगितलं तरच. तिकीट काढण्याआधी वेळापत्रक पाहाच. चढताना गार्डला उतरायचंय म्हणून सांगा आणि तो म्हणेल त्या डब्यात बसा, कारण फलाट फारच आखूड आहे. परतीची गाडी धरायची तर फलाटावर दिसेल असं उभं राहून हात दाखवायचा.

सार्वजनिक मोटाररस्ता इथे येतच नाही. मग स्टेशन कशाला? 1844 साली हा लोहमार्ग झाला तेव्हा जमीनमालक थॉमस ट्रेंच बर्नी यांनी जमीन विकताना अट घातली होती की इथे स्टेशन कायम ठेवायचं. वस्ती म्हणजे तुरळक घरं. नदीकाठचा पब कधीच बंद झालाय. त्यामुळे पाणी आणि डबा सोबत हवाच, आणि स्वच्छतागृह गाडीत बसण्याआधीच गाठा.

स्टेशनातून कुरणातली पायवाट धरली की समोर पवनचक्की दिसतच असते. येअर नदीकाठी डांबर फासलेला काळा विटांचा बुरूज, सात मजली, 21 मीटरच्या आसपास उंच, वर होडीसारखी पांढरी टोपी. 1865 सालची ही चक्की मुळात सिमेंटसाठी बांधली. नदीतला गाळ आणि खडूचा दगड भट्टीत भाजायचा, त्याचे खडे इथे दळायचे आणि शिडाच्या होड्यांतून माल न्यायचा. 1883 मध्ये तिला पाणी उपसायच्या कामाला लावलं आणि 1948 पर्यंत ती ते करत राहिली.

बहुतेक लोक पात्यांचा फोटो काढून वळतात. तसं करू नका. टोपीच्या मागचा छोटा पंखा बघा : वारा फिरला की तो फिरू लागतो आणि दातेरी चक्रांमार्फत अख्खी टोपी वाऱ्याकडे वळवतो, माणसाचा हात न लागता. मग बुरुजापासून वेगळं उभं असलेलं उपशाचं भलंमोठं चाक बघा. कुरण नदीच्या पातळीपेक्षा खाली आहे. चरांतून आलेलं पाणी हे चाक फळ्यांनी उचलून बांधापलीकडे नदीत टाकायचं. कोकणातल्या खारबंधाऱ्यात ओहोटीला उघडीतून, म्हणजे बांधातल्या झडपेच्या दारातून, पाणी आपसूक निघून जातं. इथे ते उचलून टाकावं लागतं, एवढाच काय तो फरक. चक्कीत आत जाता येईलच असं नाही, आधी चौकशी करून निघा.

ही हॅल्व्हरगेटची कुरणं आज दिसतात ती सहज टिकलेली नाहीत. 1980च्या दशकात पाणी आणखी खोल उपसून इथे गहू घ्यायचा सपाटा सुरू झाला, त्यावरून मोठा वाद पेटला. शेवटी 1985 मध्ये कुरण न नांगरता गुरं चारणाऱ्या शेतकऱ्यांना एकरी मोबदला द्यायची योजना आली. माझ्या मते चक्कीइतकीच ही गोष्टही पाहण्यासारखी आहे. नांगर फिरला असता तर हिवाळ्यात उतरणारे बदकांचे आणि टिटव्यांचे थवे कुठे गेले असते? लव्हाळ्यावर कमी उंचीवरून घिरट्या घालणारा भोवत्या हा शिकारी पक्षी तर मला इथे मन भरेस्तोवर बघायला मिळाला.

परत त्याच स्टेशनवर येऊन गाडीची वाट बघण्यापेक्षा बांधावरून यार्मथपर्यंत चालत जा, साधारण 8 किलोमीटर. डावीकडे कुरण, उजवीकडे ब्रेडन वॉटरची भरती-ओहोटीची खाडी. पलीकडच्या काठावर बर्ग कॅसलच्या रोमन किल्ल्याच्या भिंती दिसतात, पण तिकडे जायला पूल नाही. भरती चढत असताना चाला, पाणी चिखलावर येतं तसे पक्षी काठाकडे सरकतात. आडोसा कुठेही नाही, तेव्हा वारा अडवणारं जाकीट उन्हाळ्यातही घ्या आणि चिखलाला चालतील असे बूट घाला. गुरं चरत असतात, फाटक उघडलं तर लावूनच पुढे जा. वाट थेट यार्मथ स्टेशनाजवळ निघते आणि तिथून नॉरिचच्या गाड्या भरपूर आहेत.