तुम्ही विचारलंत म्हणून: बर्फ की पाऊस?

मुलीकडे, अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायनात, दोन हिवाळे राहून देवगडला परतलो, तेव्हापासून दर जानेवारीत हा प्रश्न येतो. ज्यांची मुलं तिकडे आहेत ते मोबाइलवर वादळाचा अंदाज बघतात आणि बाजारात मला गाठतात. "गुरुजी, बर्फ पडतलो की पाऊस, एवढा पण तेंका सांगूक जमणा नाय?"

जन्मभर भूगोल शिकवला, तेव्हा नीट सांगायलाच हवं.

आपल्या पावसाळ्यातल्या उंच ढगांतही बर्फ असतो. साधारण पाच किलोमीटरच्या वर हवा शून्याखाली असते. तिथले हिमकण खाली येता येता वितळतात आणि आपल्या कौलांवर थेंब होऊन पडतात. खालची सगळी हवा उबदार, त्यामुळे आपल्याला बर्फाचा प्रश्नच पडत नाही.

तिकडे हिवाळ्यात हवेचे थर एकमेकांवर चढतात. उत्तरेकडून आलेली थंड, जड हवा अ‍ॅपलाचियन डोंगरांच्या पूर्वेला अडते, बांधाला पाणी अडावं तशी. समुद्रावरची उबदार, दमट हवा तिच्यावरून सरकते. वरून निघालेला हिमकण या उबदार थरात वितळतो. खालचा थंड थर जाड असेल तर थेंब हवेतच गोठून साबुदाण्याएवढे दाणे पडतात. पातळ असेल तर थेंब पाणीच राहतो, आणि फांदी, तार, रस्ता, जिथे टेकेल तिथे गोठतो. हा फ्रीझिंग रेन. मधे उबदार थर नसलाच, तर हिम.

एका पहाटे खिडकीवर फोडणीतल्या मोहरीसारखी तडतड चालली होती. मग ती थांबली. मला वाटलं, संपलं. बाहेर पाऊस पडतच होता, पण मुकाट. उजाडल्यावर अंगणातली एक फांदी हातात धरली: भोवती बोटभर जाड स्वच्छ काच, आत एक तपकिरी कोंब जसाच्या तसा दिसत होता. वारा आला की सगळं झाड बांगड्यांसारखं किणकिणायचं. दुपारी मोठ्या फांद्या कडाकड मोडल्या, तारा तुटल्या, वीज गेली. जानेवारी १९९८ मध्ये कॅनडात क्वेबेकला अशा पावसाने विजेचे पोलादी मनोरेसुद्धा आडवे केले होते.

आता अंदाज का चुकतो ते बघा. तो उबदार थर काही वेळा जेमतेम काहीशे मीटर जाड असतो, आणि एका अंशाने सगळं फिरतं. थर मोजणारे फुगे सहसा दिवसातून दोनदाच सुटतात, तेही दूरदूरच्या ठिकाणांहून. शिवाय एक ग्रॅम बर्फ वितळायला ८० कॅलरी उष्णता लागते, ती त्याच हवेतून जाते. म्हणजे जोराची सर आली की ती स्वतःच हवा थंड करते आणि पावसाचा पुन्हा बर्फ होऊ शकतो. २५ मिलिमीटर पाणी हिम होऊन पडलं तर ढोबळमानाने २५ सेंटीमीटरचा थर, पाऊस म्हणून पडलं तर गटारातून वाहून जाणार. म्हणून "पाच ते पंधरा सेंटीमीटर" असं कोणी सांगितलं, तर त्याला टाळाटाळ म्हणू नका. मला तो प्रामाणिक माणूस वाटतो.

मुलाला फोन कराल तेव्हा किती बर्फ पडणार ते विचारू नका. फ्रीझिंग रेन सांगितलाय का, ते विचारा. सांगितला असेल तर फोन, बॅटरी चार्ज करून ठेव म्हणावं आणि गाडी बाहेर काढू नको. बर्फावरून हळूहळू तरी जाता येतं, त्या काचेवरून नाही.