मुलांना भूकंप कशाला शिकवता?

शाळेत मुलांना भूकंप कशाला शिकवता, असं तुम्ही विचारलंत म्हणून लिहिते. पालकसभेत, हळदीकुंकवाला, लग्नाच्या पंगतीत हाच प्रश्न मला वेगवेगळ्या तोंडून ऐकावा लागतो. सहावी-सातवीच्या पोरांना भूकंपातलं काय कळतं? उगाच घाबरतात. आणि आपल्या बडोद्याला त्याचं काय, तो कच्छचा!

आधी हे ‘कच्छचा’ प्रकरण. 26 जानेवारी 2001ला सकाळी पावणेनऊच्या सुमारास बडोद्यात ज्यांच्या पायाखालची जमीन हलली, तीच माणसं हे म्हणतात तेव्हा माझा संयम सुटतो. अहमदाबाद तर भूकंपाच्या केंद्रापासून दोनशेहून जास्त किलोमीटर दूर, तरी तिथल्या बहुमजली इमारती कोसळल्या. 1970 साली भरूचला भूकंप झाला. भरूच इथून जेमतेम 70 किलोमीटर. नर्मदेच्या खोऱ्यातले भ्रंश, म्हणजे जमिनीखालच्या खडकांतल्या सरकणाऱ्या भेगा, काही कच्छने आपल्याला उसने दिलेले नाहीत.

आता कळण्याबद्दल. मुलं कोऱ्या पाटीनं येत नाहीत. कुणाच्या घरी शेषनाग डोकं हलवतो, कुणाला वाटतं उकाडा वाढला की भूकंप होतो. जमीन फाटते आणि माणसं आत जाऊन ती पुन्हा मिटते, हे जवळजवळ सगळ्यांनाच वाटतं. एखादा हमखास विचारतो, कुणाच्या पापामुळे? यात हसण्यासारखं काही नाही. 1934च्या बिहारच्या भूकंपाला गांधीजींनी अस्पृश्यतेच्या पापाची शिक्षा म्हटलं होतं आणि टागोरांना त्याचा जाहीर प्रतिवाद करावा लागला होता.

पण हीच मुलं असंही विचारतात, की भारताचं भूपट्ट, म्हणजे ज्यावर आपण आहोत तो खडकाचा प्रचंड तुकडा, तिकडे हिमालयापाशी आदळतंय, तर मोडतोड भुजला का? किल्लारीला का? पुस्तकातल्या नकाशात भूपट्टांच्या कडा रंगवलेल्या असतात आणि किल्लारी त्या कडांपासून कितीतरी आत. मग सांगावं लागतं की तिकडच्या रेट्याचा ताण आतल्या जुन्या भ्रंशांवरही येतो आणि एखादा कधीतरी सरकतो. कधी, याची तारीख कुणालाच सांगता येत नाही. ही गोष्ट मोठ्यांना पटत नाही, मुलांना पटते. भूकंपाची पहिली लाट वेगानं येते, जास्त हलवणारी दुसरी मागून येते, हे कळल्यावर वर्गातल्या मुलांनी स्वतः गणित मांडलं होतं की कच्छहून इथवर दोघींमध्ये अर्ध्या मिनिटाच्या आसपास अंतर पडेल. काय कळतं म्हणे!

एक मुलगा म्हणाला होता, मग सोपं आहे, बाहेर पळायचं. त्याला मी 2001च्या त्याच भूकंपातलं, कच्छमधल्या अंजार गावाचं सांगितलं. प्रजासत्ताक दिनाच्या फेरीतली मुलं बाहेरच होती, रस्त्यावर. पण तो रस्ता म्हणजे अरुंद गल्ली, आणि दोन्ही बाजूंची घरं त्यांच्यावर आली. 185 मुलं आणि 20 शिक्षक गेले. वर्ग गप्प झाला. हे सांगायला नको होतं, असं मला कितीदा ऐकवलं गेलंय. मी ते सांगतेच. ‘बाहेर’ आणि ‘मोकळी जागा’ यांतला फरक त्या गल्लीवाचून मला समजावता येत नाही.

पण तुम्हाला खरं ऐकायचंय ते माझ्या वर्गातल्या त्या मुलीबद्दल.

भूकंपाची कवायत झाली होती. खाली बसा, टेबलाखाली जा, टेबलाचा पाय घट्ट धरा. नंतर मी म्हटलं, भूकंपात तुमच्या घरी काय होईल त्याचं चित्र काढा. सगळ्यांनी तडे काढले, पळणारी माणसं काढली. हिच्या चित्रात घर कलतं होतं आणि आई, बाबा, ती, धाकटा भाऊ एका पलंगाभोवती उभे. कुणी पळत नव्हतं. मी विचारलं, "तुम्ही टेबलाखाली का नाही गेलात?"

"आज्जीला उठता येत नाही ना, टीचर. मग आम्ही कसं जाणार?"

तिची आजी पक्षाघातानं अंथरुणाला खिळलेली. घर तिसऱ्या मजल्यावर. पलंगाच्या डोक्याशी लोखंडी कपाट, तेही तिनं काढलं होतं, त्यावरच्या बॅगांसकट. मी तिला सांगितलं की उठता येत नसेल त्यानं पलंगावरच राहायचं, डोकं आणि मान उशीनं झाकायची. कपाट मात्र तिथून हलवायला हवं, नाहीतर भिंतीला जखडायला हवं. तिनं वहीत उतरवून घेतलं. मग विचारलं, "आणि आज्जीचा हात वर होत नसेल तर उशी कोण धरेल?"

दुसऱ्या आठवड्यात तिची आई आली. मुलगी झोपत नाही. रात्री आजीच्या पलंगाशी जमिनीवर अंथरूण घालते, कपाट हलवा म्हणून रडते. "ताई, तुमचा धडा झाला. आमच्या घरात जागा कुठाय कपाट हलवायला?" मी बरंच बोलले. भीती नव्हे, काळजी आहे म्हणाले. कपाट जखडायला दोन लोखंडी पट्ट्या पुरतात म्हणाले. त्या ऐकून घेत होत्या, डोळे पुसत होत्या.

पूर्वी मी छातीठोकपणे सांगत असे की बरोबर माहिती दिली की भीती जाते. त्या मुलीची माहिती बरोबर होती. वर्गात सगळ्यांत नीट तिलाच कळलं होतं आणि म्हणूनच तिची झोप गेली. मग काय, शेषनागावर भागवायचं? तेही मला मान्य नाही. भूकंप आला तर त्या पलंगाशी तीच असणार आहे, मी नाही, तुम्हीही नाही.

यंदाही मी हा पाठ घेणार आहे, चित्रासकट. त्या आईला माझं पटलेलं नाही. मला तिचं अर्धं पटतं.