मन्याचं वजन : आठवडा १० (आणि चोर सापडला)

तर मंडळी, आमचा बोका मन्या आज ५.९ किलो. सुरुवात ६.४ ला होती, टार्गेट ५. न्यूटर (नसबंदी) केलेला, सहा वर्षांचा, दिवसभर फ्रीजवर पडीक.

मागच्या वेळी वैतागून लिहिलेलं ना की तीन आठवडे काटा हलतच नाहीये म्हणून. आधी वाटलं काटाच खराब, कारण मी बोक्याला कडेवर घेऊन बाथरूमच्या काट्यावर उभा राहायचो आणि मग माझं वजन वजा करायचो, त्यात १०० ग्रॅम इकडेतिकडे होतातच. आता बॅगा तोलायचा हुकवाला काटा आणलाय, मन्याला कॅरिअरमध्ये घालून लटकवतो, भंगारवाला रद्दी तोलतो तसं. तो बोंबलतो, पण आकडा नीट येतो.

आकडा नीट आला तरी ६.४ च. व्हेटनी ५ किलोच्या हिशोबाने रोज साधारण १८५ कॅलरी सांगितलेल्या, म्हणजे ३० ग्रॅम ड्राय फूड आणि ओल्या कॅटफूडचा एक पाऊच. सोन्याच्या काट्यासारखं मोजून देत होतो हो. मग एका पहाटे पाणी प्यायला उठलो तर आजी ओट्याजवळ, खाली मन्या, मध्ये वाटी. म्हशीचं दूध, अर्धी वाटी, वर पोळीचा चुरा. "लेकरू उपाशी झोपतं रे तुझ्यामुळे."

अर्धी वाटी म्हणजे ७०-७५ कॅलरी झाल्या, पोळीचा हिशोब वेगळाच! बरं मोठ्या मांजरांना बहुतेक वेळा दूध पचतही नाही, त्याचं पोट मधूनमधून का बिघडायचं ते पण तेव्हाच कळलं. आजीशी भांडण्यात अर्थ नव्हता, म्हणून सकाळचा पाऊच तिच्याच ताब्यात दिला, कोमट पाणी घालून ती भरवते. दोघं खूश, आणि तेव्हापासून आठवड्याला ७० ग्रॅमच्या आसपास उतरतायत. याहून घाई नको, जाड मांजर दोन-तीन दिवस जरी उपाशी राहिलं तरी लिव्हरमध्ये चरबी साचून जिवावर बेतू शकतं.

पाऊच सोडायचा नाही कारण त्यात पाऊण भाग पाणीच असतं, ड्रायमध्ये जेमतेम १० टक्के, आणि मन्या भांड्यातलं पाणी पितच नाही, फक्त पंजा बुडवून बघतो. बोक्यांना लघवी तुंबायचा त्रास होतो तो एकदा बघितलाय, परत नको.

बऱ्याच जणांनी विचारलेलं की नुसतं उकडलेलं चिकन का देत नाही. देतो, पण चमचाभर, खाऊ म्हणून, आणि तेवढं ड्राय कमी करतो. बोनलेसमध्ये कॅल्शियम नसल्यातच जमा, आणि टॉरिन (एक अमिनो आम्ल) उकळलेल्या पाण्यात उतरतं ते पाणी आपण फेकतो. मांजराला टॉरिन खाण्यातूनच लागतं, कमी पडलं तर हार्ट मोठं होतं हे १९८७ मध्येच सिद्ध झालंय. आमटीतला, रश्श्यातला तुकडा तर अजिबात नाही, कांदा-लसूण त्यांच्या रक्तातल्या लाल पेशी फोडतात. सुकट पण बंद केली, मीठ फार. यावर तीन दिवस अबोला होता (मन्याचा, आजीचा पाच).

सध्या श्रावण चालू असल्यामुळे आईने चिकन स्वयंपाकघरातून हद्दपार केलंय, गॅलरीत इंडक्शनवर उकडतो. खरी धास्ती गणपतीची आहे, घरभर पाहुणे आणि प्रत्येकाच्या हातात काहीतरी. कॅरिअरवर "मला खायला देऊ नका" अशी पाटी लावायचा विचार आहे, कुणी असं काही केलंय का? पुढचं वजन रविवारी टाकतो.